भाचीला ल्युपस आहे, तिला ‘इम्युनिटी वाढव’ म्हणू नका

मावशी_धरमपेठ
१२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:४०

सोमवारी कोजागिरीला आम्ही सगळे गच्चीवर जमलो होतो. दूध आटत होतं, चारोळी घालायची बाकी होती, तेवढ्यात माझा मोठा भाऊ बाटली घेऊन आला. त्याच्या अंगणातल्या कडुनिंबावर गुळवेल चढली आहे, तिचा काढा. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणकारी, हे त्याने दोनदा सांगितलं. मग भाचीला म्हणाला, "रोज अर्धा कप घेत जा बेटा, इम्युनिटी वाढते."

दादाचा तिच्यावर फार जीव आहे, म्हणून मी तिथे काही बोलले नाही. पण भाचीला ल्युपस आहे. तिची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती तिच्याच शरीरावर उलटली आहे. डॉक्टर ती आवरण्यासाठी औषधं देतात, आणि घरातला, शेजारचा, क्लासमधला प्रत्येक माणूस तिला ती वाढवायला सांगतो. म्हणून हा धागा काढते आहे.

त्याच दुपारी वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं होतं. मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींवरच्या कामासाठी. मी अकरावी-बारावीला बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आमच्या नोट्समध्ये ‘सप्रेसर टी पेशी’ असा एका ओळीचा उल्लेख असायचा, त्यापुढे काही नाही. आता भाचीमुळे बसून वाचलं.

आधी तिचं सांगते. मे महिन्यात, नवतपात, ती रोज भर दुपारी गाडीवरून प्रतापनगरहून सीताबर्डीला शिकवायला जायची. कधी स्कार्फ बांधून, कधी घाईत तशीच. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लालसर पट्टा उठला. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते, ती मात्र कोरी. एका डॉक्टरांनी दोन महिने उन्हाचं मलम दिलं. तोवर सकाळी बोटं आखडायला लागली, तोंडात टाळूला न दुखणारे फोड आले, विंचरताना केसांचे पुंजके हातात यायला लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी ती कोरी घडी बघितली आणि आधी लघवी तपासायला पाठवली. लघवीतून प्रथिनं जात होती. म्हणजे किडनीपर्यंत पोचलं होतं. आता औषधं चालू आहेत, प्रथिनं कमी झाली आहेत.

आता मूळ मुद्दा. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर थायमस नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असा फार सुंदर शब्द आहे, कारण लहानपणी ती मोठी असते आणि वयात आल्यावर आटत जाते, तिथे चरबी भरते. अस्थिमज्जेत जन्मलेल्या पेशी इथे येऊन टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशी, होतात. प्रत्येकीच्या अंगावरचा ग्राही, म्हणजे समोरचं प्रथिन ओळखून धरणारा रेणू, वेगळा, जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून बनलेला. इतके तऱ्हेतऱ्हेचे ग्राही बनणार म्हटल्यावर त्यांत काही आपल्याच शरीराला चिकटणारे निघणारच. म्हणून थायमसमध्ये छाननी होते. ज्यांचा ग्राही कशालाच धरत नाही त्या पेशी मरतात. ज्यांचा आपल्याच प्रथिनांना फार घट्ट धरतो, त्याही मरतात. शंभरातल्या जेमतेम चार-पाच बाहेर पडतात.

आणि या दोन टोकांच्या मध्ये, आपल्या प्रथिनांना बऱ्यापैकी घट्ट पण जिवावर बेतणार नाही इतपत धरणाऱ्या काही पेशी असतात. त्यांच्यातल्या काहींत फॉक्सपी३ नावाचं जनुक चालू होतं आणि त्या नियामक टी पेशी होतात. डॉक्टर लोक त्यांना टी-रेग म्हणतात. ज्या पेशी आपल्या शरीराला ओळखतात, त्यांच्यातूनच शरीराच्या राखणदार तयार होतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पाच मिनिटं नुसती बसून होते.

कळमना_संत्रा
१२ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

मावशी, वाचून भाचीबद्दल वाईट वाटलं. लवकर सुधारणा होवो.

आमचा कळमन्याला संत्र्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे छाननी म्हटल्यावर डोळ्यासमोर ढीगच आला. पण एक अडलं. आमच्याकडे निवडणाऱ्या माणसासमोर फळ असतं, म्हणून त्याला कळतं. थायमस छातीत. तिथे डोळ्यातली, स्वादुपिंडातली, थायरॉइडमधली प्रथिनं कुठून आली? इन्सुलिन समोर नसताना इन्सुलिनला चिकटणारी पेशी कशी पकडणार?

सूक्ष्मदर्शक
१२ ऑक्टोबर, दुपारी १:२०

नमस्कार मावशी. मी पॅथॉलॉजीत एमडी करते आहे, मेडिकल चौकाजवळ राहते.

कळमना दादा, नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. थायमसच्या आतल्या भागात काही अस्तरपेशी असतात. त्यांच्यात ‘एअर’ नावाचं जनुक काम करतं आणि त्याच्या जोरावर त्या शरीरभरातल्या अवयवांची प्रथिनं थोडीथोडी स्वतःच बनवतात. इन्सुलिनसुद्धा. म्हणजे छाननीच्या जागी सगळ्या अवयवांचे नमुने मांडून ठेवलेले असतात. हे जनुक १९९७ मध्ये सापडलं. ज्या मुलांत ते जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांच्या पॅराथायरॉइड आणि अॅड्रिनल ग्रंथींवर त्यांचीच प्रतिकारशक्ती तुटून पडते, तोंडात बुरशी पुन्हा पुन्हा होते.

एवढं करूनही छाननी शंभर टक्के होत नाही. तुमच्या-माझ्या रक्तात या क्षणी आपल्याच शरीराला धरू शकणाऱ्या टी पेशी फिरत आहेत. आपण आजारी नाही, याचं एक मोठं कारण टी-रेग. रक्तातल्या सीडी४ गटाच्या टी पेशींपैकी त्या साधारण ५ ते १० टक्के.

त्या आवर कसा घालतात हे थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे ‘ब्रेक’ हा शब्द अपुरा पडतो. लढाऊ टी पेशीला कामाला लावायचं तर दुसऱ्या एका पेशीने तिला दोन खुणा दाखवाव्या लागतात. शत्रूचा तुकडा ही एक, आणि ‘हो, खरंच धोका आहे’ सांगणारं एक प्रथिन ही दुसरी. टी-रेगच्या अंगावर सीटीएलए-४ नावाचा रेणू असतो. तो ही दुसरी खूण समोरच्या पेशीच्या अंगावरून अक्षरशः ओढून काढतो आणि टी-रेग ती गिळून टाकते. दुसरी गोष्ट आयएल-२ ची. टी पेशींना वाढायला हा रेणू लागतो. टी-रेग तो स्वतः जवळपास बनवतच नाहीत, पण त्याला पकडणारा ग्राही, सीडी२५, त्यांच्या अंगावर भरपूर. त्यामुळे आसपासचा आयएल-२ त्या पिऊन घेतात आणि लढाऊ पेशी उपाशी राहतात. शिवाय आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे रेणू बाहेर सोडून त्या आजूबाजूचं वातावरण शांत करतात.

आता मावशी, तुमच्या भाचीच्या आजाराशी याचा संबंध. ल्युपसमध्ये टी पेशी आयएल-२ कमी बनवतात, हे अनेक वर्षांपासून माहीत आहे. टी-रेग तर त्याच्यासाठी शेजाऱ्यांवरच अवलंबून. म्हणून अगदी कमी मात्रेत आयएल-२ टोचून त्यांना पोसता येईल का, यावर चाचण्या झाल्या आहेत, होत आहेत. मोठ्या मात्रेत हाच रेणू उलट लढाऊ पेशींना चेतवतो, त्यामुळे मात्रेचं गणित फार नाजूक आहे.

मावशी_धरमपेठ
१२ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

@सूक्ष्मदर्शक, किती छान उलगडून सांगितलंस गं. भाचीच्या एएनए या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये काय बघतात तेही सांगशील का? तिथे नुसतं ‘पॉझिटिव्ह’ आणि काही आकडे आहेत.

सूक्ष्मदर्शक
१२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

काचपट्टीवर माणसाच्या पेशींचा पातळ थर असतो. त्यावर रुग्णाच्या रक्तातलं सीरम पातळ करून घालतात, धुतात, मग चमकणारा रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड (अँटिबॉडी) घालतात. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की काळ्या पार्श्वभूमीवर पेशींची केंद्रकं हिरवी पेटलेली दिसतात. कधी सगळं केंद्रक एकसारखं, कधी ठिपके ठिपके. म्हणजे या माणसाची प्रतिपिंडं पेशीच्या केंद्रकाला चिकटताहेत. रिपोर्टमधला आकडा सांगतो की सीरम किती पातळ केलं तरी चमक टिकली.

एक मात्र सगळ्यांसाठी. थोड्या प्रमाणात एएनए निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येतो. नुसता तो रिपोर्ट हातात आला म्हणून ल्युपस झाला असं धरू नका. लक्षणं, लघवी, डीएसडीएनए (डीएनएला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी), बाकीच्या तपासण्या, सगळं मिळून निदान होतं.

आणि ऊन. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांची केंद्रकं उघडी पडतात, आणि ल्युपसमध्ये प्रतिपिंडं नेमकी त्यांचीच वाट बघत असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात हे कायम लक्षात ठेवायला हवं. पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, आणि दुपारची फेरी टाळता आली तर टाळायचीच.

खापरखेडा_वाला
१३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मावशी, राम राम जी. माह्या पोराले सिकल आहे, एसएस. आमच्या इकडं एक जण सांगून राहिला का सिकल म्हणजे बी शरीर सोताच्याच रक्ताले खाते, तोच हा रोग. खरं आहे का जी? त्याले लस देऊ का नको, यातच घरचे अडकून राहिले.

सूक्ष्मदर्शक
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

नाही दादा, हे दोन आजार अगदी वेगळे आहेत. सिकल सेल आईवडिलांकडून आलेल्या जनुकामुळे होतो. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, म्हणून लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि लवकर फुटते. प्रतिकारशक्ती तिथे हल्ला करत नाही.

उलट या मुलांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, लहानपणीच निकामी होत जाते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे त्याला लसी अगदी वेळेवर द्या, न्यूमोकोकसची लस विशेष करून. आजच सिकल सेलच्या ओपीडीत विचारा. घरच्यांना माझा हा निरोप वाचून दाखवा.

खापरखेडा_वाला
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

लय उपकार झाले ताई. बुधवारी घेऊन जातो त्याले.

वर्धा_रोड
१३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

आईला अकरा वर्षांपासून आमवात आहे. त्यावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. गेल्या वर्षी मी बाहेरगावी असताना तिने ती सलग चार दिवस घेतली, रोजच्या गोळ्यांसारखी. तोंड सोललं, पांढऱ्या पेशी घसरल्या, भरती करावं लागलं. तेव्हापासून डबीवर मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवार’ लिहिलेली पट्टी चिकटवली आहे. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी आजच तसं करा.

माझा प्रश्न असा की या औषधांनी सगळीच प्रतिकारशक्ती दबते. टी-रेग जर इतक्या नेमक्या आहेत तर त्याच का देत नाहीत?

मावशी_धरमपेठ
१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

वर्धा रोड, आईंना नमस्कार सांगा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी मागच्या इतिहासात शिरले, आणि तो इतका मोलाचा वाटला की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९६९ मध्ये जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मून तीन दिवस झालेल्या उंदराच्या पिल्लांची थायमस काढली. वाटेल की टी पेशी कमी झाल्या, प्रतिकारशक्ती दुबळी होईल. झालं उलटंच. माद्यांची अंडाशयं त्यांच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केली. म्हणजे तीन दिवसांनंतर थायमसमधून काहीतरी असं बाहेर पडत होतं, जे बाकीच्यांना आवरत होतं. साकागुचींनी हाच धागा धरला. तसल्याच पिल्लांना निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या, तर ती वाचली.

याच काळात ‘सप्रेसर टी पेशी’ ही कल्पना आली, गाजली, आणि १९८० च्या दशकात कोसळली. पुरावे टिकले नाहीत. त्या विषयाचं नाव घ्यायलाही लोक कचरायचे. माझ्या नोट्समधली ती एक ओळ त्या पडझडीतून उरलेली होती, हे मला आत्ता कळलं. साकागुची मात्र त्या पेशी कशा ओळखायच्या हे शोधत राहिले आणि १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्यांच्या अंगावर सीडी२५ आहे, त्याच या राखणदार. साठच्या दशकातलं निरीक्षण आणि १९९५ चं उत्तर!

दुसरी वाट अमेरिकेतून आली. टेनेसीतल्या ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात काही नर उंदीर खवले पडलेल्या त्वचेचे, सुजलेल्या गाठींचे जन्मले आणि काही आठवड्यांत मेले. त्यांना ‘स्कर्फी’ नाव पडलं. दोष एक्स गुणसूत्रावर होता, म्हणून नरांना. ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी नव्वदच्या दशकात तो दोष शोधायला घेतला. डीएनएच्या जवळपास १७ कोटी अक्षरांच्या गुणसूत्रातून ते ५ लाख अक्षरांच्या पट्ट्यापर्यंत आले. त्यात २० जनुकं होती. एकेक तपासत गेले. दोष सापडला विसाव्या, शेवटच्या जनुकात. तेच फॉक्सपी३. २००१ मध्ये त्याच जनुकाच्या बिघाडाने माणसाच्या मुलग्यांत होणारा आयपेक्स हा आजारही स्पष्ट झाला: तान्ह्या वयातच मधुमेह, न थांबणारे जुलाब, अंगभर इसब. आणि २००३ मध्ये साकागुचींसह काही गटांनी दाखवलं की फॉक्सपी३ हेच टी-रेगना टी-रेग बनवणारं जनुक.

एकोणीस जनुकं कोरी निघाल्यावर विसावं उघडताना त्या दोघांच्या मनात काय आलं असेल, याचा मी दोन दिवस विचार करते आहे.

सूक्ष्मदर्शक
१३ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मावशी, अप्रतिम.

वर्धा रोड, टी-रेग देण्याचे प्रयत्न चालू आहेत. रुग्णाच्याच रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या, बाहेर वाढवायच्या, परत द्यायच्या. काही ठिकाणी त्यांच्यावर ठरावीक अवयव ओळखणारा ग्राही बसवतात. अडचण अशी की मुळात त्या मोजक्या, शुद्ध स्वरूपात वेगळ्या करणं कठीण, आणि सूज, दाह फार असेल तिथे त्यांच्यातल्या काही फॉक्सपी३ गमावू शकतात. राखणदारच उलटला तर काय, ही भीती खरी आहे. त्यामुळे आईंची रविवारची गोळी तूर्त बंद करायची नाही. सोबत दिलेलं फॉलिक अॅसिडही चुकवू नका.

नंदनवन_२२
१४ ऑक्टोबर, सकाळी १०:००

माझ्या मोठेबाबांना फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी दिली. गाठ लहान झाली, पण तिसऱ्या महिन्यात थायरॉइड बसलं. डॉक्टर म्हणाले औषधाचाच परिणाम. हे याच्याशी संबंधित आहे का?

सूक्ष्मदर्शक
१४ ऑक्टोबर, दुपारी २:१०

आहे. कर्करोगाच्या गाठीत टी-रेग गोळा होतात आणि लढाऊ पेशींना थोपवून धरतात, म्हणजे गाठीला आयतंच संरक्षण. ही औषधं पीडी-१ किंवा सीटीएलए-४ सारखे आवर सैल करतात. सीटीएलए-४ वरचं पहिलं औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, आणि या शोधांसाठी २०१८ चं नोबेल अॅलिसन आणि होंजो यांना मिळालं. पण आवर सैल झाला तो फक्त गाठीपुरता राहत नाही. कुणाचं थायरॉइड, कुणाचं आतडं सापडतं. मोठेबाबांना थायरॉइडची गोळी घेऊन उपचार चालू ठेवता येतील का, ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, बहुतेकांना येतात. जुलाब किंवा धाप लागली तर मात्र वाट न बघता कळवा.

ज्वारीची_भाकर
१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४५

आतड्यातल्या जिवाणूंमुळे टी-रेग वाढतात असं वाचलं. मग भाचीला दही, भाकरी वगैरे जास्त द्यावी का?

सूक्ष्मदर्शक
१४ ऑक्टोबर, रात्री ९:००

सगळ्या टी-रेग थायमसमध्ये बनत नाहीत, हे खरं. काही नंतर, विशेषतः आतड्यात, साध्या टी पेशींपासून तयार होतात. आपण खाल्लेला चोथा तिथले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं रसायन बनतं, आणि उंदरांच्या आतड्यात त्याने टी-रेग वाढतात असं २०१३ मध्ये दिसलं. जेवणातली प्रत्येक गोष्ट परकी असूनही आतडं तिच्याशी लढत बसत नाही, त्यातही यांचा वाटा आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी अवश्य खावी. पण भाकरीने ल्युपस आटोक्यात येतो असं कुणी दाखवलेलं नाही. गोळ्या तिच्या जागी, ताट ताटाच्या जागी. किडनीमुळे मिठाचं आणि प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

कळमना_संत्रा
१४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मावशी, काढ्याचं पुढे काय झालं? आमच्या आजीलाही आमवात आहे आणि तीही गुळवेल घेते.

मावशी_धरमपेठ
१५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

आजीच्या डॉक्टरांना नक्की सांगा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी काही रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखी (प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तशी) सूज आली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण ज्या वनस्पतीची ख्यातीच प्रतिकारशक्ती चेतवण्याची आहे, ती ल्युपसच्या मुलीने डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, एवढं माझ्यापुरतं पक्कं आहे. तिच्या डॉक्टरांनीही नको म्हटलं.

काल दादाकडे गेले. हा सगळा धागा मोबाईलवर त्याला वाचून दाखवला, खापरखेड्याच्या दादांचाही. विसाव्या जनुकाशी आल्यावर तो म्हणाला, "परत वाच." परत वाचलं. मग बराच वेळ अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत बसला. "आपण तिला औषधाच्या उलट्या दिशेने ढकलत होतो का गं?" मी म्हटलं, तिने एक घोटही घेतला नाही, बाटली तशीच आहे. त्याने विचारलं, वेल तोडून टाकू का. मी म्हटलं, वेल राहू दे, तिच्यावर बुलबुल येतात.

निघताना त्याने कपाटातून आपली मोठ्या काठाची सुती टोपी काढून दिली, शेतावर जाताना घालायचा ती. भाचीच्या डोक्याला ती सैल होते. आत दोन टाके घालून आज तिच्याकडे पाठवते आहे. २७ तारखेला लघवीची पुढची तपासणी आहे, रिपोर्ट आला की इथे लिहीन.